परक्या ग्रहाची हवा तपासायची कशी? वजाबाकी करून

एप्रिल २०२५ मधली गोष्ट. नागपुरात उन्हाचा कडाका, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कूलर आणि पाण्याचा टँकर सोडून दुसरा विषय नाही. त्यात कोणीतरी बातमी टाकली: १२४ प्रकाशवर्षांवरच्या एका ग्रहावर जीवसृष्टीच्या खुणा सापडल्या! खाली हात जोडलेले, डोळे विस्फारलेले इमोजी. संध्याकाळी गच्चीवर शेजारचा पोरगा भेटला, नुकतीच दहावीची परीक्षा आटोपलेला. म्हणाला, "काका, तिथं कोणी गेलंच नाही, यान बी नाही पाठवलं, तर तिथली हवा कशी तपासून राहिले हे लोक?"

अख्ख्या ग्रुपमध्ये एवढा नेमका प्रश्न कोणाला पडला नव्हता. आणि याचं उत्तर एकदा नीट कळलं, की त्या बातमीवर कितपत विश्वास ठेवायचा हेही आपोआप कळतं.

कळमन्याच्या बाजारात संत्र्याची गाडी येते तेव्हा संत्री मोजत कोणी बसत नाही. भरलेली गाडी धर्मकाट्यावर चढते, चिठ्ठी निघते. माल उतरला की खाली गाडी पुन्हा काट्यावर. दोन चिठ्ठ्यांमधला फरक तो माल. संत्री एकटी कधी काट्यावर चढलीच नाहीत, तरी त्यांचं वजन कळलं. परक्या ग्रहाच्या हवेचंही तसंच आहे. ती एकटी कधीच हाती लागत नाही. हाती येतो तो ताऱ्याचा उजेड: एकदा ग्रह आड आलेला असताना, एकदा नसताना. बाकी सगळं या दोन चिठ्ठ्यांमधून काढायचं. पुढचे आकडे डोळ्यांपुढे यावेत म्हणून आपली गाडी दहा टनांची धरू.

ग्रह आड येतो म्हणजे काय, हे आपल्यातल्या अनेकांना पाहायची संधी मिळालेली आहे. ८ जून २००४ रोजी शुक्राचं अधिक्रमण झालं. नागपूरसह भारतभरातून ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसण्याजोगं होतं. सकाळी पावणेअकराच्या सुमारास एक काळा ठिपका सूर्यबिंबावर चढला आणि दुपारी पाचच्या आत उतरला. ६ जून २०१२ ला सूर्य उगवला तोच शुक्राचा ठिपका घेऊन. यानंतरचं अधिक्रमण थेट डिसेंबर २११७ मध्ये, म्हणजे ज्यांचं हुकलं त्यांचं हुकलंच.

त्या दिवशी शुक्राने सूर्याचा जेमतेम हजारावा भाग उजेड अडवला. दहा टनांत दहा किलो. उन्हात उभ्या माणसाला फरक कळण्याचा प्रश्नच नाही. पण दुर्बिणीतून आणखी एक गोष्ट दिसते. ठिपका बिंबावर चढताना आणि उतरताना त्याची जी कड सूर्याच्या बाहेर असते, तिच्याभोवती उजेडाची बारीक कमान उमटते. हा शुक्राच्या हवेत शिरून, वाकून आपल्यापर्यंत आलेला सूर्यप्रकाश. १७६१ च्या अधिक्रमणात रशियाच्या मिखाईल लोमोनोसोव्हने असं काहीतरी पाहिलं आणि शुक्राला वातावरण असल्याचा निष्कर्ष काढला. (त्याला खरंच ती कमान दिसली होती का, यावर जाणकार अजून भांडतात. निष्कर्ष मात्र बरोबर निघाला.)

दुसऱ्या ताऱ्यांच्या बाबतीत ही चैन नाही. तारा म्हणजे नुसता प्रकाशाचा कण, त्याचं बिंबच दिसत नाही, तर त्यावरचा ठिपका कुठून दिसणार? दिसतं ते एवढंच की ताऱ्याचा उजेड ठरावीक काळाने किंचित उतरतो आणि पुन्हा चढतो. १९९९ मध्ये एचडी २०९४५८ या ताऱ्याचा उजेड असा दर साडेतीन दिवसांनी सुमारे दीड टक्क्याने उतरताना पकडला गेला. सूर्यासारखाच तारा, सुमारे १५० प्रकाशवर्षांवर, आणि भोवती गुरूपेक्षाही मोठा वायूचा गोळा. दीड टक्का म्हणजे आपल्या गाडीत दीडशे किलो. यातून ग्रहाचा घेर कळला. त्याच्या हवेबद्दल मात्र अजून अक्षरही नाही.

हवेची माहिती येते रंगांमधून. मे महिन्यात नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावरून सूर्य मावळताना पाहा. दुपारी ज्याच्याकडे बघवत नव्हतं तो तांबडा, मवाळ होऊन बसतो. सूर्य तोच, पण त्याचा उजेड आता हवेतून तिरपा, लांबची वाट कापत येतो. निळा भाग वाटेतच विखरून जातो, तांबडा उरतो, शहराची धूळ त्यात आपली भर घालते. हाच तिरपा उजेड पृथ्वीच्या कडेवरून पुढे अवकाशात जातो आणि चंद्रग्रहणात चंद्रावर पडतो. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री अकरा ते सव्वाबाराच्या पुढेपर्यंत खग्रास अवस्था होती. ज्यांना पावसाळी ढगांनी दगा दिला नाही त्यांना तांबूस चंद्र दिसला, तो पृथ्वीच्या हवेच्या कडेतून गाळून आलेल्या उजेडात. खगोलशास्त्रज्ञांनी ऑगस्ट २००८ च्या चंद्रग्रहणात या उजेडाचा वर्णपट काढला, म्हणजे तो रंगारंगांत फोडून पाहिला, तेव्हा त्यात आपला ऑक्सिजन, आपल्या पाण्याची वाफ स्पष्ट उमटलेली होती. दूरच्या एखाद्या ताऱ्याजवळून कोणी पृथ्वीला सूर्यापुढून जाताना पाहत असेल, तर त्याला आपली हवा जवळपास अशीच दिसेल.

प्रत्येक वायूला गिळायचे रंग ठरलेले असतात. यातला एक तुम्ही रोज पाहता. मीठ घातलेलं वरण उतू गेलं की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळीजर्द होते. ते मिठातलं सोडियम. तापलं की ते एक खास पिवळा रंग बाहेर टाकतं, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा. आणि मागे जास्त प्रखर दिवा असेल, तर मधलं तुलनेनं थंड सोडियम बरोबर तोच रंग गिळून वर्णपटात काळी रेघ पाडतं. जर्मनीत किरखॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० च्या सुमारास हे पक्कं केलं आणि ताऱ्यांची रासायनिक झडती घरबसल्या घेता यायला लागली. हेलियमचा सुगावा असाच १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटातून लागला. पृथ्वीवर तो हाती यायला १८९५ उजाडलं.

आता हे दोन्ही एकत्र करा. ग्रह ताऱ्यापुढून जात आहे, त्याच्या भोवती हवेचा पातळ वेढा आहे. सोडियम ज्या पिवळ्या रंगाला गिळतं त्या रंगात तो वेढा अपारदर्शक, म्हणून ग्रह किंचित मोठा दिसणार आणि उजेड जरा जास्त उतरणार. शेजारच्याच रंगात वेढा पारदर्शक, ग्रह मूळ घेराचा, उजेड तेवढा उतरणार नाही. म्हणजे आधी ताऱ्यातून वजाबाकी, मग एका रंगाच्या वजाबाकीतून दुसऱ्या रंगाची वजाबाकी. सारा सीगर आणि दिमितार सॅसेलोव्ह यांनी २००० मध्ये हे कागदावर मांडलं. डेव्हिड शार्बोनो आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीने एचडी २०९४५८ चा ग्रह तपासून २००२ मध्ये निकाल छापला. सोडियम होतं. दोन रंगांमधला फरक दहा हजारांत सुमारे सव्वादोन. दहा टनांच्या गाडीत सव्वादोन किलो! सूर्यमालेबाहेरच्या कुठल्याही ग्रहाची हवा माणसाने ओळखण्याची ही पहिली वेळ.

सोडियम सोपं होतं. आपल्याला खरा रस ज्यांच्यात आहे ती पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन ही मंडळी उजेड गिळतात तो मुख्यतः अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड पट्ट्यात. आणि तिथे आपली स्वतःचीच हवा आडवी येते, कारण हेच वायू आपल्या डोक्यावरही आहेत. त्यावर दोन इलाज. एक फार हुशारीचा आहे: जमिनीवरूनच पाहायचं, पण रेषा सरकतात का ते बघायचं. ग्रह ताऱ्याभोवती सेकंदाला शंभराहून जास्त किलोमीटर धावतो, त्यामुळे त्याच्या हवेच्या रेषा सतत जागा बदलतात. आपल्या हवेच्या रेषा मात्र जिथल्या तिथे. जे हललं नाही ते वजा करा. २०१० मध्ये चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने एचडी २०९४५८ च्या ग्रहावरचा कार्बन मोनॉक्साइड असाच पकडला, शिवाय तिथे ताशी हजारो किलोमीटर वेगाचा वारा वाहत असावा अशीही खूण मिळाली.

दुसरा इलाज पैशाचा: दुर्बीणच हवेबाहेर न्यायची. २५ डिसेंबर २०२१ ला उडालेली जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे, आणि तिचा आरसा साडेसहा मीटरचा. २०२२ च्या जुलैमध्ये तिने वास्प-३९ बी नावाचा ग्रह पाहिला. कन्या राशीच्या दिशेला, ७०० प्रकाशवर्षांवर. वजनाने शनीएवढा, पण फुगून गुरूपेक्षा मोठा झालेला. तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास. कुठल्या रंगात किती उजेड अडला याच्या आलेखात ४.३ मायक्रॉन तरंगलांबीला (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) एक ठसठशीत उंचवटा आला, कार्बन डायऑक्साइडचा. परक्या ग्रहावर हा वायू इतका निर्विवाद याआधी कधी दिसला नव्हता. शेजारी ४ मायक्रॉनजवळ एक लहानसा उंचवटा होता, त्याचा उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. तो निघाला सल्फर डायऑक्साइडचा. मला विचाराल तर दोन्हींत हाच शोध मोठा. कारण हा वायू तिथे आयता पडलेला नाही. ताऱ्याच्या प्रकाशाने पाण्याचे रेणू फुटतात, त्यांचे तुकडे गंधकाच्या संयुगांशी भिडतात आणि तो तयार होतो. उन्हाने हवेत रसायनं घडतात, आपल्या ओझोनसारखीच, ही गोष्ट सूर्यमालेबाहेरच्या ग्रहावर प्रथमच प्रत्यक्ष दिसली.

या यादीत सगळे तापलेले, अवाढव्य ग्रहच का, असं वाटेल. हवा किती फुगते हे तीन गोष्टींवर ठरतं: तापमान जास्त, वायू हलका आणि गुरुत्व कमी असेल तर वेढा जाड. गुरुत्व काढायला ग्रहाचं वजन लागतं, आणि ते येतं ताऱ्याच्या बारीक डुलण्यावरून. हे काम आपल्याकडे माउंट अबूच्या गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचं पारस हे उपकरण करतं. आता या तिन्ही कसोट्यांवर पृथ्वी लावून बघा. थंड, हवा नायट्रोजनची म्हणजे जड, गुरुत्व बऱ्यापैकी. पृथ्वी सूर्यापुढून गेली तर दहा लाखांत ८४ भाग उजेड अडेल, दहा टनांत ८४० ग्रॅम. त्यात हवेचा वाटा साधारण दहा लाखांत एक. म्हणजे दहा ग्रॅम, संत्र्याची एक फोड. भरल्या ट्रकमधून एक फोड कोणी काढली का, हे धर्मकाट्यावरून सांगायचं आहे.

यावर तोड म्हणजे गाडीच लहान घ्यायची. सूर्याच्या आठव्या हिश्श्याएवढ्या व्यासाच्या तांबड्या खुज्या ताऱ्यापुढून तीच पृथ्वी गेली तर तिचा वाटा चौसष्ट पट होतो. म्हणून ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्यावर सगळ्यांचे डोळे लागले आहेत. पृथ्वीच्या आकाराचे सात ग्रह, २०१७ मध्ये जाहीर झालेले. त्यातल्या सर्वांत आतल्याला वेबने वेगळ्याच रीतीने गाठलं. तो ताऱ्यापुढे असताना नाही, तर मागे लपताना. याला पिधान म्हणतात. मागे जाण्याआधी येणारी उष्णता म्हणजे तारा अधिक ग्रह, लपल्यावर नुसता तारा. फरक हा ग्रहाचा. ग्रहाला जाड हवा असती तर वाऱ्यांनी दिवसाकडची उष्णता रात्रीकडे वाहून नेली असती आणि दिवसाची बाजू थोडी निवलेली असती. मोजमापात ती निघाली २३० अंश सेल्सिअसच्या आसपास, उघड्या खडकाची असावी तशी. दुसऱ्या ग्रहावरही शुक्रासारखं दाट आवरण असण्याची शक्यता फार कमी दिसली. २०२३ चे हे दोन्ही निकाल ग्रुपवर कोणी टाकले नाहीत. "हवा नाही" ही बातमी चालत नाही.

खुज्या ताऱ्यांचा एक वाईट गुण आहे. त्यांच्या अंगावर डाग असतात आणि ते बदलत राहतात. काही डाग तर एवढे थंड असतात की खुद्द ताऱ्यावरच पाण्याची वाफ टिकते. म्हणजे भरली गाडी तोलली आणि खाली गाडी तोलली, यांच्यामध्ये पावसाने ताडपत्री भिजली, डिझेल जळालं. फरक आला खरा, पण तो मालाचा की गाडीचा? ट्रॅपिस्ट-१ चा चौथा ग्रह, ई, पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा अंतरावर आहे. त्याचे वेबने घेतलेले पहिले निकाल सप्टेंबर २०२५ मध्ये आले आणि अडकले ते इथेच. हायड्रोजनची फुगीर हवा नाही एवढं कळलं. पातळशी हवा आहे की उघडा खडक, हे सांगण्याआधी ताऱ्याचे डाग वजा करायला हवेत.

ढगांचा त्रास वेगळा. जीजे १२१४ बी या ग्रहाच्या पंधरा अधिक्रमणांवर हबलने वेळ घातला आणि २०१४ मध्ये निकाल काय, तर सपाट रेघ. वर ढगांचा किंवा धुरक्याचा थर, खालचं काहीच दिसत नाही.

आता त्या व्हॉट्सअॅपच्या ग्रहाकडे येऊ. नाव के२-१८ बी, सिंह राशीत, वजन पृथ्वीच्या साडेआठपट, व्यास अडीचपटीहून थोडा जास्त, ३३ दिवसांचं वर्ष. २०१९ मध्ये हबलच्या मोजमापांवरून दोन गटांनी तिथे पाण्याची वाफ असल्याचं सांगितलं, मोठे मथळे झाले. २०२३ मध्ये वेबने पाहिलं, तर तिथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड. हबलच्या अपुऱ्या पट्ट्यात मिथेन आणि पाणी यांचे ठसे एकमेकांसारखे दिसतात. पाणी म्हणून वाचलेला उंचवटा मिथेनचा निघाला.

एप्रिल २०२५ चा दावा केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या गटाचा. मधुसूदन यांचं पदवीचं शिक्षण आपल्याकडे वाराणसीच्या आजच्या आयआयटीत झालेलं. वेबच्या दुसऱ्या उपकरणाने, अधिक लांब तरंगलांबीला, डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याचं भावंड डायमिथाइल डायसल्फाइड यांच्या खुणा त्यांना दिसल्या. पृथ्वीवर यातलं पहिलं रसायन मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींकडून येतं, म्हणून गाजावाजा. पण त्यांच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे खात्री तीन सिग्माची, म्हणजे तिथे असं काही नसतानाही निव्वळ गोंगाटातून एवढा उंचवटा येण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. शोध मानायला पाच सिग्मा लागतात, दहा लाखांत एकापेक्षाही कमी. हे त्यांनी लपवलेलं नाही, शोधनिबंधातच आहे. फॉरवर्डमधून तेवढंच गळलं. त्यानंतर दुसऱ्या गटांनी तीच मोजमापं पुन्हा तपासली. कोणाला खूण पुरेशी भक्कम वाटली नाही, कोणी दाखवून दिलं की इतर रेणू घेऊनही तो वर्णपट जुळवता येतो. शिवाय हे रसायन ६७पी या धूमकेतूवरही आढळलं आहे, जिथे समुद्र नाही आणि शेवाळही नाही. प्रयोगशाळेत नुसत्या वायूंवर प्रकाश पाडूनही ते बनतं. मधुसूदन चुकलेच असं म्हणायला माझ्याकडे काही नाही. वेबचा आणखी वेळ मिळाला की उंचवटा वाढेल किंवा विरेल. पण त्या पोराला मी सांगितलं ते हेच: अशी बातमी आली की आधी विचार, काय वजा केलं आणि उरलं ते किती ग्रॅम.

त्याचा पुढचा प्रश्न साहजिक होता: "म्हणजे आपल्याला इथून काहीच करता येत नाही?" येतं की.

नागपूरच्या आकाशात दिव्यांचा उजेड फार, पण पेंच जवळ आहे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिला. ऑक्टोबरात रात्री नऊच्या सुमारास डोक्यावर पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा नक्षत्रांचा मोठा चौकोन असतो. त्याच्या पश्चिमेच्या बाजूला लागूनच ५१ पेगासी हा तारा अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना दिसतो. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह आहे हे १९९५ मध्ये पहिल्यांदा कळलं ते या ताऱ्यामुळे, आणि मेयर व केलो यांना २०१९ चं नोबेल मिळालं ते या कामासाठी. तिथून आणखी पश्चिमेला दुर्बिणीचा हात लागतो, साध्या द्विनेत्रीचा, आणि तिथे आहे आपला एचडी २०९४५८.

त्याचा दीड टक्क्याचा उतार आठ इंची दुर्बीण आणि बरा कॅमेरा असलेला हौशी माणूस मोजू शकतो, अनेकांनी मोजला आहे. युक्ती तीच: त्याच चौकटीतल्या शेजारच्या ताऱ्याशी तुलना करायची. धूळ किंवा विरळ ढग आला तर दोन्ही तारे सारखेच मंदावतात, ग्रह आला तर एकच. आणि हा नुसता खेळ नाही. सुमारे हजार ग्रहांच्या हवा तपासायला युरोपची एरियल दुर्बीण पाठवायची तयारी चालू आहे. तिला ग्रह नेमका कधी आड येणार हे आधी माहीत हवं, आणि जुन्या वेळापत्रकात फेरीगणिक चूक साठत जाते. त्यासाठी एक्सोक्लॉक नावाच्या उपक्रमात जगभरच्या हौशी निरीक्षकांनी मोजलेल्या वेळा वापरल्या जातात.

अधिक्रमण सुमारे तीन तास चालतं, आधी-नंतरचा एकेक तास धरून पाच तासांची मोकळी रात्र लागेल. ग्रहाच्या दोन फेऱ्यांना सात दिवस आणि सुमारे सव्वा तास लागतात. म्हणजे एखाद्या शनिवारी संध्याकाळी सातला उतार सुरू झाला, तर पुढच्या शनिवारी तो सव्वाआठच्या आसपास सुरू होईल.